पॅकहाउसमध्ये ‘ब्रोकन पाइप’: सी प्रोग्राम चुकीचा एरर मेसेज दाखवतो तेव्हा

फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, आणि दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसमधून सकाळी साडेसातला फोन. ‘‘सर, स्क्रीनवर ब्रोकन पाइप आलंय. प्रीकूलिंगचे सगळे पाइप बघितले, कुठंच गळत नाहीये. पण काट्याचं वजन काही सेव्ह होईना.’’ मागे क्रेट आपटल्याचे आवाज, कंटेनर लागलाय म्हणून कुणाची तरी आरडाओरड. मी हसू दाबलं. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझ्या प्रोग्रामची होती.

झालं होतं असं: वजनांची फाइल अकाउंटवाल्या ताईंनी रात्री हिशेबासाठी एक्सेलमध्ये उघडली आणि तशीच उघडी ठेवून त्या घरी गेल्या. सकाळी आमचा प्रोग्राम तीच फाइल लिहायला उघडू लागला, विंडोजनं नकार दिला आणि कारण म्हणून ३२ हा आकडा दिला. विंडोजच्या यादीत ३२ म्हणजे ‘फाइल दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे’. मी तो ३२ उचलून सी भाषेच्या स्ट्रएररला, म्हणजे आकड्याचा मजकूर करून देणाऱ्या फंक्शनला, दिला. स्ट्रएररच्या यादीत ३२ म्हणजे ब्रोकन पाइप, प्रोग्रामांमधली तुटलेली जोडणी. त्यानं आपल्या परीनं बरोबरच उत्तर दिलं.

काट्यावरचं वजन सिरियल केबलमधून वाचायचं, फाइलमध्ये लिहायचं आणि जमेल तेव्हा सर्व्हरला पाठवायचं, एवढंच काम करणारा हा छोटा प्रोग्राम. अंबडच्या आमच्या ऑफिसात लिहिलेला. पण तो तीन ठिकाणी चालतो: पॅकहाउसमधल्या विंडोज पीसीवर, काही ठिकाणी छोट्या लिनक्स बोर्डावर, आणि सहकाऱ्याच्या मॅकवर, कारण त्याला कोड तिथंच लिहायला आवडतं. सोर्स एकच. त्यामुळे हे दुखणं दर हंगामात नवं रूप घेऊन यायचं आणि आम्ही दर वेळी ते नवीन समजून सुरुवातीपासून शोधायचो. ज्यांचा प्रोग्राम असाच तीन घरी जेवतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. फंक्शनांची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

आकडा कुणाचा?

नाशकात सिडकोत राहणाऱ्याला नुसता घर नंबर सांगून बघा. तो लगेच विचारेल, ‘‘स्कीम कुठली?’’ एरर नंबरचंही तेच आहे. ५ म्हणजे काय, याला उत्तर नाही. कुणी दिलेला ५, हे आधी सांगावं लागतं.

सी प्रोग्रामकडे आकडे येतात ते साधारण चार दारांनी. पहिलं एर्नो, म्हणजे सीनं चुकीचा आकडा ठेवायची जागा. फाइल उघडण्याची, वाचण्याची नेहमीची फंक्शनं अपयशी ठरली की कारण तिथं मिळतं. दुसरं विंडोजचं गेटलास्टएरर: क्रिएटफाइल, रीडफाइल यांसारखी विंडोजची खास फंक्शनं आपलं गाऱ्हाणं तिथं ठेवतात, एर्नोला हातही लावत नाहीत. तिसरं विंडोजवरच्या सॉकेटांचं, म्हणजे नेटवर्क जोडण्यांचं, डब्ल्यूएसएगेटलास्टएरर. लिनक्स आणि मॅकवर सॉकेटची चूक एर्नोतच येते, विंडोजवर येत नाही. चौथं म्हणजे कारण थेट परत देणारी फंक्शनं, उदाहरणार्थ सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारं गेटॲड्रइन्फो आणि थ्रेड (एकाच प्रोग्रामातली समांतर कामं) हाताळणारं पीथ्रेडचं सगळं कुटुंब.

सीच्या मूळ प्रमाणानं एर्नोसाठी नावं ठरवली ती फक्त तीन: ईडॉम, ईरेंज आणि पुढे ईआयएलएसईक्यू. बाकीची ओळखीची नावं पॉझिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामायिक प्रमाणाची. आणि पॉझिक्सनंही नावंच ठरवली, आकडे नाहीत. आकडा ज्याचा त्यानं ठरवायचा.

चाचणीत हे का सापडलं नाही

हा प्रश्न मला जास्त बोचला, कारण आम्ही चाचणी केली होती. नसलेल्या फाइलचं नाव दिलं, तिन्ही मशीनवर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं, आम्ही खूश.

गंमत अशी की विंडोजच्या यादीत ‘फाइल सापडली नाही’चा आकडा २ आहे, आणि एर्नोच्या यादीतही ईनोएंटचा आकडा २ आहे. योगायोग म्हणा. चुकीच्या यादीत बघूनही उत्तर बरोबर यायचं. एरर हाताळणी तपासायची तर नव्वद टक्के लोक नसलेली फाइलच उघडून बघतात, मीही त्यातलाच. त्या एका आकड्यानं आम्हाला दोन हंगाम झुलवत ठेवलं.

एक घर पुढे सरकलं की बिंग फुटतं. विंडोजचा ३ म्हणजे पाथ सापडला नाही, एर्नोचा ३ म्हणजे अशी प्रोसेसच नाही. विंडोजचा ८ म्हणजे मेमरी अपुरी, एर्नोचा ८ म्हणजे एक्झिक फॉरमॅट एरर. आणि सगळ्यात महागात पडला तो ५. विंडोजवर ५ म्हणजे ॲक्सेस डिनाइड, परवानगी नाही. एर्नोत ५ म्हणजे इनपुट-आउटपुट एरर. एका ठिकाणी लॉगमध्ये रोज ‘इनपुट-आउटपुट एरर’ दिसत होतं, म्हणून तिथल्या हार्डवेअरवाल्यानं हार्ड डिस्क बदलली. मेसेज गेला नाही म्हणून केबल बदलली. मग दुसरी डिस्क. प्रत्यक्षात प्रोग्राम आपली लॉग फाइल प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात लिहायला बघत होता आणि साध्या युजरला तिथं लिहायची मुभा नसते. दोन डिस्कांचे पैसे कुणी भरले ते इथं नको.

तुमच्याकडे विंडोजवर ‘इनपुट-आउटपुट एरर’, ‘ब्रोकन पाइप’ किंवा ‘नो सच प्रोसेस’ असं संदर्भ सोडून काहीतरी दिसत असेल, तर डिस्क बदलण्याआधी स्ट्रएररला आकडा कुठून गेला ते शोधा. सोर्समध्ये गेटलास्टएरर हा शब्द शोधला की बहुतेक वेळा दहा मिनिटांत सापडतं. सॉकेटच्या बाबतीत ओळखायला आणखी सोपं: आकडा दहा हजारांच्या घरातला असतो, जसा कनेक्शन नाकारल्याचा १००६१, आणि स्ट्रएरर नुसतं ‘अननोन एरर’ म्हणून हात वर करतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. विंडोजवरही एफओपनसारखं सीचं फंक्शन वापरलं असेल तर तिथली लायब्ररी विंडोजच्या आकड्याचं भाषांतर करून एर्नोत ठेवते, आणि मग एर्नो स्ट्रएररला देणं रास्तच. पण भाषांतरात बारकावा गळतो: ५ आणि ३२ दोन्हींचा तिथं १३ होतो, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’. परवानगी नाही की एक्सेल उघडं आहे, हे त्यावरून कळत नाही. मूळ आकडा हवा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत तो _डॉसएर्नोमध्ये असतो.

विंडोजचा मेसेज विंडोजलाच विचारा

त्यासाठी फॉरमॅटमेसेज. ‘फ्रॉम सिस्टिम’ हा फ्लॅग दिला की गेटलास्टएररचे आणि सॉकेटांचे, दोन्ही आकडे ते ओळखतं. पण या फंक्शनला खोडी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांत मी पडून झालोय.

‘इग्नोर इन्सर्ट्स’ हा फ्लॅग विसरू नका. काही मेसेजांत टक्का-एक अशा रिकाम्या जागा असतात. १९३ क्रमांकाचा मेसेजच ‘टक्का-एक हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ अशा अर्थाचा आहे. फ्लॅग नसेल तर फॉरमॅटमेसेज त्या जागी घालायला काहीतरी मागतं, आपण दिलेलं नसतं, आणि एरर दाखवतानाच प्रोग्राम कोसळण्याची वेळ येते.

मेसेजच्या शेवटी नवी ओळ चिकटून येते. ती कापली नाही तर लॉगच्या ओळी मधेच तुटतात आणि लॉग वाचणारी स्क्रिप्ट गोंधळते. मेसेजसाठी मेमरी फॉरमॅटमेसेजकडूनच घेतली असेल तर ती लोकलफ्रीनं सोडायची, नेहमीच्या फ्रीनं नाही.

भाषेचा पर्याय शून्य ठेवा. ‘मला इंग्रजीच हवं’ असा हट्ट धरला आणि त्या मशीनवर ती भाषा नसली तर मेसेज येतच नाही, १८१५ हा आकडा येतो. आणि नावाच्या शेवटी डब्ल्यू असलेलंच रूप वापरा, मग यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत बदला. ए असलेलं रूप जुन्या कोडपेजात (मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात) मजकूर देतं, आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही. मराठी किंवा हिंदी विंडोज असलेल्या पीसीवर मग प्रश्नचिन्हांची माळ दिसते.

फॉरमॅटमेसेजनं शून्य परत दिला तर? निदान आकडा तरी छापा. रिकामा मेसेज हा सगळ्यात वाईट मेसेज. आणि विंडोजकडून ८००७०००५ असा हेक्स आकडा आला तर घाबरू नका. त्याच्या शेवटी तोच ५ बसलाय, आणि मधला ७ सांगतो की हा ५ विन३२च्या घरचा. मायक्रोसॉफ्टनं निदान इथं तरी स्कीम नंबर आकड्यातच कोरून ठेवलाय.

लिनक्सवर सगळंच ‘अज्ञात चूक’

यानं मात्र दोन रात्री खाल्ल्या. मॅकवर मेसेज ठीक, लिनक्स बोर्डावर प्रत्येक चुकीला एकच उत्तर: ‘अज्ञात चूक’. हे शब्द आमचेच, मेसेज मिळाला नाही तर दाखवायचे म्हणून लिहिलेले. आणि आधीच्या आवृत्तीत हे नव्हतं.

स्ट्रएरर आपला मजकूर सामायिक जागेत ठेवू शकतो, म्हणून अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामात स्ट्रएरर_आर वापरायची पद्धत आहे. आम्ही तेच केलं होतं. घोळ असा की या एकाच नावाची दोन फंक्शनं आहेत. पॉझिक्सचं फंक्शन मजकूर तुमच्या बफरात (तुम्ही दिलेल्या मेमरीत) लिहितं आणि यशस्वी झालं की शून्य देतं. जीएनयूचं फंक्शन मजकुराचा पत्ताच परत देतं आणि ओळखीच्या चुकीसाठी तुमच्या बफरला बहुधा शिवतही नाही. जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, दोन्ही आहेत. कुठलं मिळणार ते जीएनयू_सोर्स हे मॅक्रो (कंपाइल करताना द्यायची खूण) चालू आहे की नाही यावर ठरतं.

आमच्या नव्या मुलानं कुठल्याशा वेगळ्याच फंक्शनसाठी मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइलच्या सूचनांच्या फाइलीत, ते मॅक्रो टाकलं होतं. त्याची काही चूक नाही, मीही टाकलं असतं. पण त्या क्षणी आमचं स्ट्रएरर_आर बदललं. आणि कोड होता ‘स्ट्रएरर_आरनं शून्य दिला तर मजकूर छाप, नाहीतर अज्ञात चूक’. पत्ता कधी शून्य नसतो, म्हणून कायम दुसरी वाट.

कंपायलर का ओरडला नाही? कारण सीमध्ये पत्त्याची शून्याशी तुलना पूर्ण कायदेशीर आहे. आधी उत्तर इंट (पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये घेतलं असतं आणि मग तपासलं असतं, तर पत्ता आकड्यात घालतोयस अशी वॉर्निंग तरी आली असती, आणि जीसीसी कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून तर कंपाइलच झालं नसतं. एका ओळीची काटकसर नडली. तेव्हापासून मी ते उत्तर मुद्दाम इंटमध्येच घेतो.

उपाय दोन. एकतर दोन्ही प्रकार वेगळे हाताळा: जीलिबसी असल्याची खूण आणि जीएनयू_सोर्स दोन्ही असतील तरच जीएनयूचा प्रकार समजा. नुसतं मॅक्रो बघून चालत नाही, कारण अल्पाइन लिनक्समधल्या मसल लायब्ररीत मॅक्रो असलं तरी पॉझिक्सचंच रूप मिळतं. मी घेतलेला उपाय त्याहून आळशी आहे. स्ट्रएरर_आरला मारलेली ही एकच हाक वेगळ्या छोट्या सोर्स फाइलीत ठेवली, तिच्या डोक्यावर, कुठलीही हेडर घेण्याआधी, जीएनयू_सोर्स काढून टाकलं आणि पॉझिक्सची २००११२ ही आवृत्ती मागितली. बाकीच्या प्रोग्रामात कुणी काहीही मॅक्रो टाको. फक्त ती फाइल सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करू नका, जी++ ते मॅक्रो स्वतःहून चालू करतो. परत आलेलं उत्तर शून्य आहे की नाही एवढंच बघा, कारण जीलिबसी २.१३च्या आधी चुकीसाठी उणे एक यायचा आणि नंतर एररचा आकडाच येऊ लागला.

विंडोजवर स्ट्रएरर_आर नाहीच, स्ट्रएरर_एस आहे. आणि जीलिबसीत स्ट्रएरर_एस नाही. सी११मध्ये ते ऐच्छिक परिशिष्टात आहे म्हणून सगळीकडे मिळेल अशा भरवशावर राहू नका. जीलिबसी २.३२पासून साधा स्ट्रएररही थ्रेडसाठी सुरक्षित झालाय, पण बोर्डावरचं लिनक्स किती जुनं असेल याची खात्री मी तरी देत नाही. त्याच २.३२नं जुनी सिस_एररलिस्ट ही यादीही नव्या प्रोग्रामांसाठी बंद केली. जुना कोड लिंक होताना तिच्या नावानं अडला तर कारण हे.

चूक आपली, आकडा दुसऱ्याचा

एर्नोची एक सवय माहीत असूनही आपण फसतो: यशस्वी झालेलं फंक्शनही त्यात काहीतरी टाकून जाऊ शकतं. फाइल उघडली नाही, मग आपण लॉगमध्ये ‘फाइल उघडता आली नाही’ लिहितो, मग बफर सोडतो, आणि मग एर्नो छापतो. तोवर त्यात लॉगिंगनं सोडलेला उष्टा आकडा असतो. ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ हा विचित्र मेसेज कधी दिसला असेल तर तो बहुधा असाच आलेला. काही लायब्ररी छापण्याआधी समोर टर्मिनल आहे का ते तपासतात, नसलं की एर्नोत ईनॉटटीटीवाय (‘हे टर्मिनल नाही’) राहतो. म्हणून स्क्रीनवर मेसेज बरोबर आणि फाइलीत वळवला की चूक, असा चकवा लागतो.

अपयश कळल्याच्या पुढच्याच ओळीत आकडा आपल्या व्हेरिएबलमध्ये घ्या. मधे काहीही नको, क्लोजसुद्धा नको. गेटलास्टएररलाही हाच नियम.

उलट प्रकार म्हणजे अपयश येऊनही ‘सक्सेस’ छापलं जाणं. लिनक्सवर हे दिसलं तर समजा की एर्नो शून्य आहे, कारण कुणी त्यात काही ठेवलंच नाही. आमच्याकडे गेटॲड्रइन्फोनं केलं: सर्व्हरचं नाव सापडलं नाही आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन अयशस्वी: सक्सेस’. त्याचं उत्तर परत आलेल्या आकड्यात असतं आणि मजकूर गाय_स्ट्रएरर देतो. फक्त तो आकडा ईएआय_सिस्टिम असेल तर एर्नो बघायचा. विंडोजवर गाय_स्ट्रएरर थ्रेडसाठी सुरक्षित नाही, तिथं फॉरमॅटमेसेजच बरं. पीथ्रेडची फंक्शनंही कारण हातात देतात, एर्नोत नाही.

मॅकच्या लॉगमधला ३५ लिनक्सच्या यादीत बघून आमचा एक जण दिवसभर डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडकून बसणं) शोधत बसला होता. मॅकवर ३५ म्हणजे ईअगेन, ‘आत्ता नाही, थोड्या वेळानं ये’. लिनक्सवर ३५ म्हणजे ईडेडलॉक. आणि ११चं नेमकं उलटं: लिनक्सवर ईअगेन, मॅकवर डेडलॉक. कुणी मुद्दाम केल्यासारखं. म्हणून लॉगमध्ये आकड्यासोबत नावही लिहा. नाव देणारं फंक्शन जीलिबसीत २.३२पासून आहे, बाकी ठिकाणी असेलच असं नाही. मी लागतात त्या वीस-पंचवीस नावांचा स्विच स्वतःच लिहिला. त्यात ईअगेन आणि ईवुडब्लॉक दोन्ही केस घातल्या तर लिनक्सवर कंपाइल होणार नाही, तिथं दोघांचा आकडा एकच आहे. विंडोजवर वेगळा आहे, म्हणून एक गाळूनही चालत नाही. इफ वापरून दोन्ही तपासा.

आणि मजकुरावर निर्णय घेऊ नका. वेळ संपली तर लिनक्स ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणतं, मॅक ‘ऑपरेशन टाइम्ड आउट’. मजकुरात ‘कनेक्शन’ शोधून पुन्हा प्रयत्न करणारा कोड मी पाहिलाय. कुणाचा ते सांगत नाही, गिटमध्ये, कोडच्या इतिहासात, माझंच नाव निघेल.

आता आमच्याकडे काय आहे

एक छोटं स्ट्रक्चर: घराणं (आकडा कुठल्या यादीतला), आकडा, कुठलं काम करत होतो, कुठल्या फाइलवर किंवा पत्त्यावर. अपयश आलं त्या जागीच ते भरलं जातं. मजकूर बनतो तो एकाच सोर्स फाइलीत, तोही लॉग लिहायच्या क्षणी, आणि घराणं बघून स्ट्रएरर_आर, स्ट्रएरर_एस, फॉरमॅटमेसेज किंवा गाय_स्ट्रएरर यांपैकी योग्य त्याला विचारून. बाकी प्रोग्रामात यांपैकी कुणाचंही नाव घ्यायला बंदी. नवीन माणूस आला की ग्रेपनं सोर्समध्ये शोधून तेवढं बघतो.

पडद्यावर सिस्टिमचा मजकूर आता जात नाही. ऑपरेटरला लागणारी सात-आठ वाक्यं आम्ही मराठीत लिहिली: ‘वजनांची फाइल दुसरीकडे उघडी आहे, बंद करा’, ‘सर्व्हर फोन उचलत नाही, वजनं इथं जपून ठेवली आहेत’. वाक्याच्या खाली बारीक अक्षरात घराणं आणि आकडा, म्हणजे फोनवर वाचून सांगता येतं.

चाचणीही बदलली. नसलेली फाइल आता उघडतच नाही, तो २ काही शिकवत नाही. विंडोजवर नसलेल्या फोल्डरातली फाइल, लिहायची मुभा नसलेला फोल्डर, बंद पोर्टाला कनेक्शन, खोट्या नावाचा सर्व्हर, आणि हे सगळं एकदा स्क्रीनवर, एकदा फाइलीत वळवून. शेवटी अंबडच्या ऑफिसातल्या पीसीवर वजनांची फाइल एक्सेलमध्ये उघडायची, तशीच ठेवायची आणि चहाला जायचं.